सायमाचा दवाखाना ओढून नेल्याची हकिकत

पौड, ता. मुळशी
९ डिसेंबर

आदरणीय अल्लाबक्ष मामू,

रईसचा सलाम. मैमुनाचाही सलाम. सायमाच्या सलामाला एक हुकूम जोडलेला आहे, की मामूनानांनी मिश्री लावणं आजपासून बंद करावं. (हा हुकूम मी फक्त पोचवतो आहे. बत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा द्यायची सवय लागली आहे. त्यात माझं मत धरू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीनं जास्त धरतो का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आपलं फोनवरचं बोलणं कसं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी 'गुडघा' म्हणतो, तुम्हाला 'बुधवार' ऐकू येतं, आणि 'व्हय, बुधवारी कॅनालला पाणी सोडलंय' असं म्हणून तुम्ही फोन ठेवता. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. बाज उन्हात ओढून, चष्मा पुसून बसा.

पत्राचं कारण आभाराचं आहे. गेल्या रविवारी मी तुम्हाला फोन केला होता आणि तुमच्या कानावर चाळीस माणसांचा ओरडा आला होता, तो नेमका काय प्रकार होता हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नसेल. तुम्ही काय केलंत हेही तुम्हाला माहीत नसेल. ते सगळं आता सुरुवातीपासून लिहितो.

आपली सायमा दातांची डॉक्टर झाली, पुण्यात दोन वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात नोकरी केली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "अब्बा, धरणाच्या मागच्या गावांतली माणसं दाढ दुखली की सुजलेला गाल घेऊन चाळीस किलोमीटर एसटीनं येतात. माणसं खुर्चीपर्यंत येऊ शकत नसतील तर खुर्चीनं माणसांकडे जायचं." मला वाटलं, बोलते आहे. पण तिनं खरंच भूगावात एक जुनी कॅरव्हॅन शोधून काढली. कॅरव्हॅन म्हणजे मामू, चाकांवरची लांबलचक खोली. खिडक्या, पडदे, भांडी घासायची मोरी, सगळं असतं, इंजिन तेवढं नसतं. ती पुढच्या गाडीनं ओढायची. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या एकीमागे एक लावल्या तर होईल एवढी ती लांब आहे. भूगावातल्या एका बंगलेवाल्यांनी ती बायकोला सगळा हिंदुस्थान दाखवायला घेतली होती. पहिल्याच मुक्कामी, लोणावळ्यात, बाई म्हणाल्या, चाकं असलेल्या घरात मला झोप लागत नाही, आणि आगगाडीत बसून परत आल्या. तेव्हापासून ती बंगल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी होती. त्या गृहस्थांनी ती सायमाला देऊन टाकली. अट एकच, इथून हलवा. सायमानं एक जुनी दातांची खुर्ची आणून मागच्या दारातून आत ठेवली, आणि धरणाच्या कडेला करंजवाडी म्हणून वाडी आहे तिथं रविवारी अकरा वाजता पहिलं शिबिर ठरवून टाकलं. अठ्ठेचाळीस नावं आली. अल्लाहचा शुक्र, लोकांनी विश्वास टाकला.

ओढायला गाडी कुशाबा ढमाल्यांची. कासार आंबोलीचे कुशाबा माझे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी रस्त्याकडेचा एक तुकडा बंगलेवाल्यांना विकला आणि फोर व्हील ड्राइव्ह जीप घेतली. डोंगर चढणारी गाडी, चारही चाकांत ताकद. आजवर तिनं कडबा आणि दुधाच्या किटल्या एवढंच वाहिलं होतं. चालवणार होता त्यांचा मुलगा निरंजन, त्याला शनिवारी संध्याकाळी कंपनीनं बंगळूरला धाडलं. कुशाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले, डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. लग्नसराईमुळे तालुक्यातला एकेक ड्रायव्हर कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडाला जुंपलेला. सायमाचा चेहरा उतरला, तो मला बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो. दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या अल्लाबक्षचा भाचा आहे मी." (मामू, मी तीस वर्षं सायकल चालवली, मग स्कूटर, आणि निवृत्तीनंतर छोटी गाडी, तीही पिरंगुटच्या पुढे गेलेली नाही. पण पोरीसमोर ही यादी कोण वाचतो?) ती "ठीक आहे अब्बा" म्हणाली. रविवारी पहाटे ती आणि मैमुना सामान आणि खिचडीचं पातेलं घेऊन आमच्या छोट्या गाडीतून पुढे गेल्या.

मी आणि कुशाबा सात वाजता भूगावात पोचलो, तर कॅरव्हॅन दिसेचना. दिसत होता तो घेवड्याचा मांडव. शेजारच्या बंगल्याच्या वॉचमनची बायको रंभाबाई, तिनं चार वर्षं त्या कॅरव्हॅनवर वेल चढवला होता आणि आता तो शेंगांनी लगडला होता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घेवडा उतरवल्याबिगर डबा हलायचा न्हाई." तिचं बरोबर होतं. मग एक निवृत्त पोस्टमास्तर, एक काळ्या चष्म्याचा शेतकरी आणि रंभाबाई असे आम्ही तिघं तासभर शेंगा तोडत होतो. त्यानंतर जोडणी. जीपच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, कॅरव्हॅनच्या नाकाला एक वाटी असते. ती वाटी त्या गोळ्यावर बसवायची. जीप मागे घेताना गोळा कुठे आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून कुशाबा मागे उभे राहिले आणि "येऊ दे... येऊ दे... लई जागा हाय" म्हणत राहिले, ते थेट धाडकन आवाज होईपर्यंत. असं चारदा झालं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हे आम्हाला चौथ्या धडकेनंतर कळलं. शेवटी रंभाबाईनं वेलाच्या दोन काठ्या उपसल्या, एक जीपच्या गोळ्यामागं बांधली, एक कॅरव्हॅनच्या नाकावर, दोन्हींच्या टोकाला लाल चिंध्या लावल्या आणि म्हणाली, "आरशात बगा. ह्या चिंधीम्होरं ती चिंधी आली की थांबा." पहिल्याच खेपेला वाटी गोळ्यावर बसली. साखळी लावली, पुढचं छोटं चाक वर घेतलं. निघताना तिनं पिशवीभर घेवडा माझ्या मांडीवर ठेवला. जिच्या वेलाचा मांडव मी घेऊन चाललो होतो, तीच मला शेंगा देत होती.

आता वळणाचं. जीप वळली म्हणजे मागचं घरही तसंच वळेल अशी माझी समजूत. ते तसं वळत नाही मामू, ते कोपरा आत कापून येतं. (तुम्हाला हे सांगणं म्हणजे माशाला पाणी दाखवणं.) गल्लीतून पौड रस्त्याला लागताना मागे काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. कुशाबा म्हणाले, "घेवडा आसंल." मी पुढे निघालो. आणि काय सांगू, त्या दिवशी रस्त्यावर माझं जे स्वागत झालं! टपऱ्यांवरची माणसं हात करत होती. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून सलाम ठोकत होते. कुशाबा म्हणाले, "रईस, तुला लई लोकं वळखत्यात." मला वाटलं, बत्तीस वर्षांच्या सेवेचं हे फळ आहे, आणि मी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना हात केले. भुकूमजवळ गर्दीत थांबलो, तर एक बाई खिडकीशी येऊन म्हणाली की, चार दिवस आमच्या गल्लीला पाणी नाही. मी सवयीनं म्हणालो, "अर्ज द्या, पोचवतो."

मग पिरंगुटचा घाट. चढ जीपनं मुंगीसारखा शांतपणे चढला, तिच्या चारही चाकांचे आभार. उतार सुरू झाला आणि मागचं घर आम्हाला ढकलायला लागलं. आधी हळूच डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग जरा जास्त डावीकडे. बैल शेपटीनं माश्या हाकलतो तसं. आमची जीप म्हणजे त्या शेपटीला चिकटलेला बैल. मी घाबरून ब्रेक दाबला, तसं ते आणखीच नाचलं. मी आयतुल कुर्सी म्हणत होतो, कुशाबा वाघजाईला नवस बोलत होते, आणि दोघांचा आवाज हळूहळू एकाच पट्टीत आला. शेवटी माझा पाय ब्रेकवरून आपोआप सुटला (शौर्य नव्हे, पाय घसरला), मी स्टेअरिंग नुसतं सरळ धरून बसलो, आणि नाच हळूहळू थांबला. घाट संपल्यावर गाडी कडेला घेतली. मग कुशाबा म्हणाले, "बोकड बोललोय. निम्मा तुझा."

एवढ्यात एक मोटारसायकल आमच्यासमोर आडवी लागली. पांढरा शर्ट, गळ्यात सोनसाखळी, तिशीतला माणूस तावातावानं उतरला. "माझी प्रचाराची गाडी कुणी काढली? मला सात फोन आले, 'दादा, तुमची गाडी घाटात नाचतीय' म्हणून!" आम्ही मागे जाऊन पाहिलं. कॅरव्हॅनच्या सबंध डाव्या बाजूला, बांबूसकट, वाढदिवसाचा फ्लेक्स अडकला होता: 'भावी सरपंच चंद्रकांतदादा यांना लाख लाख शुभेच्छा'. फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला माणूस आणि समोर हात उगारून उभा असलेला माणूस एकच. (ते सगळे सलाम कुणाला होते हे मला तेव्हा कळलं. फार वेळ लागतो असल्या गोष्टी पचायला.) मी माफी मागितली, सायमाचं, करंजवाडीचं, अकरा वाजताचं सगळं सांगितलं. त्याचा हात खाली आला. मागचं दार उघडून आत बघून म्हणाला, "काका, खुर्ची पार मागं टाकलीय व्हय? एवढं वजन मागं आसल्यावर शेपूट मारनारच. आमच्या ट्रॅक्टरला बी तसंच व्हतं. वजन फुडं पायजे, चाकांच्या जरा फुडं." शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेले चार बिहारी कामगार त्यानं हाकेसरशी बोलावले, आणि त्या पाच जणांनी ती अडीच माणसांच्या वजनाची खुर्ची पुढे सरकवून दोरांनी जखडली. कामगारांनी चहासुद्धा घेतला नाही, त्यांचा आधीच झाला होता. फ्लेक्स मात्र चंद्रकांतनं काढू दिला नाही. मागच्या बाजूला नीट ताणून बांधला, "आता निगालाच हायसा तर..." म्हणाला, आणि पौडपर्यंत मोटारसायकलवर पुढे राहून वाट मोकळी करत गेला. असा माणूस सरपंच झाला तर माझी हरकत नाही.

पौडच्या पुढे रस्ता चांगला गेला, पण वेळ निघून गेली. अकरा वाजून गेले, बारा झाले. करंजवाडीच्या अलीकडे धरणाच्या कडेनं अरुंद सडक आहे, एका बाजूला पाणी, एका बाजूला डोंगर, मध्ये ओढ्यावर एक छोटी मोरी. मी मोरीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो, तोच समोरून एसटी. एसटीच्या मागे लग्नाच्या बँडचा टेम्पो आणि वऱ्हाडाच्या तीन जीपा, त्यांच्या मागे वळण. त्यांनी मागे जाणं शक्य नव्हतं. मी दीडशे फूट मागे गेलो असतो तर सडक रुंद होती. पण दीडशे फूट, मागे! मी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, घर डावीकडे, पाण्याकडे निघालं. डावीकडे फिरवलं तर डोंगरात घुसायला लागलं. तिसऱ्या प्रयत्नात जीप आणि कॅरव्हॅन मिळून अडकित्ता झाला, आणि त्या अडकित्त्यात सुपारी म्हणजे मी. माणसं उतरायला लागली. कुणी म्हणे डावं मार, कुणी म्हणे उजवं. बँडवाल्यांनी वेळ जावा म्हणून एक गाणं सुरू केलं. त्या क्षणी मामू, मला वाटलं की, पोरीच्या दवाखान्याचा पहिला दिवस मी स्वतःच्या फुशारकीपायी पाण्यात घालणार. अगदी खऱ्या अर्थानं पाण्यात.

तेव्हा मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचललात आणि विचारलंत, "कोन गेलं?" मी ओरडलो, "कुणी नाही! मामू, ट्रॉली मागं कशी घ्यायची?" तुम्ही म्हणालात, "टोळी? आवंदा ऊसतोडीची टोळी बीडवरनं आलीया." मी पुन्हा ओरडलो. कुशाबा ओरडले. एसटीचा ड्रायव्हर ओरडला. शेवटी कंडक्टर बाई, रजनी त्यांचं नाव, त्यांनी हात वर करून एक-दोन-तीन म्हटलं, आणि चाळीस माणसांनी एका सुरात आरोळी ठोकली, "ट्रॉली मागं!" धरणापलीकडच्या डोंगरावरून ती परत आली. आणि मग तुमचा आवाज स्पीकरवर आला, शांत, जसा काही तुम्ही बांधावर बसून बोलताय: "हां, आसं व्हय. आरं, हात स्टेअरिंगच्या खालच्या अंगाला धर. ट्रॉलीचं ढुंगन जिकडं पायजे तिकडं हात ने. उगं इतकुसा ने. थांब. बग. वाकडं झालं तर फुडं घे, सरळ कर, पुन्यांदा ये. लाज वाटून घिऊ नगं, म्या बी पयल्या साली ऊस वड्यात घातलाय." आणि फोन ठेवलात.

रजनीबाईंनी बँड बंद करायला लावला, कॅरव्हॅनच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पत्रा वाजवीन. दोन ठोके, येऊ द्या. एक ठोका, थांबा. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही." मी चाकाच्या खालच्या अंगाला हात धरला. डावीकडे न्यायचा तर डावीकडे हात. एवढंच! टक-टक. हातभर मागे. टक. थांब. पुढे घे, सरळ कर. टक-टक. अर्धा तास लागला. सात वेळा पुढे घ्यावी लागली आणि प्रत्येक वेळी मला तुमचा तो वड्यातला ऊस आठवला आणि लाज वाटली नाही. शेवटच्या ठोक्याला घर कडेला, पाण्यापासून चांगलं चार हात दूर उभं राहिलं. बँडवाल्यांनी न सांगता सनई-ढोल एकदम धरला. कुशाबा काळ्या चष्म्याखाली पदरासारखं उपरणं घालून डोळा पुसत होते. मी पाहिलं तसं म्हणाले, "डोळ्यातलं आवशीद हाय."

आणि आता ऐका. एसटी निघायच्या बेतात असताना गाल बांधलेल्या एक आजी, गंगूबाई, खिडकीतून मला म्हणाल्या, "ह्यो डबा कशाचा रं?" मी म्हणालो, दातांचा दवाखाना. म्हातारी उसळलीच. "आरं द्येवा! सकाळधरनं वाट बगून निगाले, म्हनलं समदी थापंबाजी हाय, पौडला जाऊन काडून येते!" त्यांच्यासारखे आणखी आठ जण त्या गाडीत होते, बारापर्यंत वाट पाहून कंटाळलेले. मोरीवर मी अडकलो नसतो तर ती एसटी निघून गेली असती, आणि त्या नऊ जणांनी पुन्हा सायमाच्या शब्दावर विश्वास ठेवला नसता. ते सगळे उतरले. रजनीबाईंनी त्यांना जाताना बजावलं, "तिकीट तुमचं पुढच्या खेपेला चालेल, मी लिहून देते." मग आमची जीप, मागे दवाखाना, त्याच्या पाठीवर फ्लेक्समधले भावी सरपंच, आणि शेजारून चालणारे नऊ रुग्ण असे आम्ही करंजवाडीत पोचलो.

सायमा वाडीच्या तोंडाशी उभी होती. तिनं डावीकडचं खरचटलेलं पत्र्याचं अंग पाहिलं, फ्लेक्स पाहिला, घेवड्याची पिशवी पाहिली. "अब्बा, आधी पाणी प्या," म्हणाली, आणि हातमोजे चढवून आत गेली. अंधार पडेपर्यंत तिनं एक्केचाळीस जण पाहिले, गंगूबाई सगळ्यांत आधी. मी दाराशी नंबर पुकारत होतो. आतून तिचा आवाज येत होता, म्हातारीला समजावणारा, हळू, "आजी, फक्त डोळे मिटा, दाढ माझ्यावर सोडा." मामू, मी सुखी माणूस आहे. मला ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी मागे-पुढे केलं त्या सगळ्यांना मी रोज नमाजानंतर एकेकाचं नाव घेऊन दुआ देतो. पहिलं नाव तुमचं.

तुमचा भाचा,
रईस

ता. क. एक सांगायचं राहिलं. कॅरव्हॅन अजून करंजवाडीतच आहे, शाळेच्या मैदानावर, तोंड डोंगराकडे करून. पुढचं शिबिर बावीस तारखेला पलीकडच्या गावात आहे आणि ती वळवल्याशिवाय निघणार नाही. मैदान लहान आहे. मला ते जमणार नाही हे मी जबाबदारीनं लिहितो. तुम्ही स्वतः येऊन वळवून दिली पाहिजे. निदान शेजारी बसून सांगितलं पाहिजे. येत्या शुक्रवारी कुशाबांची जीप घेऊन निरंजन तुम्हाला न्यायला येईल. चार कपडे जास्त आणा, न जाणो, एका दिवसात नाही वळली तर.

ता. क. (हे मैमुनाचं अक्षर. ते पाकिटावर तिकीट लावायला टेबलावरून उठलेत.) मामू, सलाम. गाडी कधीच वळली आहे. गेले चार दिवस हे रोज सकाळी कुशाबाभावजींना घेऊन करंजवाडीला जातात आणि त्या मैदानात दवाखाना गोल गोल फिरवतात. वाडीतली माणसं बघायला येतात. काल तर दोन झाडांच्या मधून मागे घेतला, एकदाही पुढे न घेता. मुमानी गेल्यापासून तुम्ही तिकडं एकटे करून खाता, चारदा बोलावलं तरी 'माझं काय काम तिकडं' म्हणता, म्हणून यांनी काम शोधलंय. मागची खोली मी झाडून ठेवली आहे, खिडकी पूर्वेची आहे, ऊन येतं. तुम्ही आलात की हे मुद्दाम चुकीचं स्टेअरिंग फिरवतील. तेवढं रागवा, आणि मला माहीत आहे हे दाखवू नका.